ऊन मोजायचे कोणी?

(तंजावूर राजवाड्याच्या परिसरात भरलेल्या मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



काल दुपारी आपण सगळे मिळून राजवाडा पाहायला गेलो. दरबार हॉलच्या सावलीत शिरल्यावर आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "हुश्श!" सरफोजी राजांचे नाव नंतर, भिंतीवरची चित्रे नंतर. आधी प्रत्येकाने खांब नाहीतर भिंत गाठली आणि पाठ टेकली. जाड भिंती, उंच कमानी, मधे मोकळा चौक. नायकांनी बांधायला घेतलेला आणि १६७६ च्या सुमारास मराठ्यांच्या हाती आल्यावर वाढत गेलेला हा वाडा. बांधणाऱ्यांना उन्हाची जाण होती, यात शंका नाही. ज्यांनी दगड-विटा वाहिल्या त्यांच्या डोक्यावर मात काय होते, याची नोंद मला कुठे दिसली नाही.

बाहेर आलो तेव्हा फाटकाजवळ एक बाई ताडगोळे विकत बसली होती. छत्री एक, तीही ताडगोळ्यांवर धरलेली, कारण माल सुकला की गिऱ्हाईक घेत नाही. आपल्यातल्या तमिळ जाणणाऱ्या साथीला मी विचारायला सांगितले, "बाई, घरी कधी जाता?" ती म्हणाली, "माल संपला की." मी विचारले, "ऊन फार झाले तर?" त्यावर ती नुसती हसली. माझा प्रश्नच तिला वेडगळ वाटला असावा.

त्या हसण्याविषयी आज मला बोलायचे आहे.

मी सोलापूरचा, यंत्रमागावर उमेदीची वर्षे काढलेला माणूस. उन्हाचे कौतुक मला कोणी सांगू नये. आमच्या शेडला वर पत्रा, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने सूत हलते. सूत कोरडे पडून तुटू नये म्हणून जमिनीवर पाणी मारायचे. म्हणजे वरून भट्टी आणि खालून वाफ. एका मे महिन्यात दुपारच्या पाळीत माझ्या शेजारच्या मागावरचा माणूस बडबडायला लागला. काय बोलतो ते त्यालाच कळत नव्हते. अंग तापलेले. आम्हाला वाटले, जेवला नसेल. मालकालाही तसेच वाटले, किंवा तसे वाटून घेणे सोयीचे होते. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास त्याला त्याच शेडमध्ये कोपऱ्यात निजवून ठेवले. तो वाचला नाही. कागदावर कारण लिहिले गेले, हृदयक्रिया बंद पडल्याने. आता हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय कोण मरतो? पण त्या एका ओळीने ऊन सुटले, शेड सुटली, मालकही सुटला. त्याच्या बायकोला युनियनने वर्गणी काढून दिली तेवढीच. मी तेव्हा युनियनचा प्रतिनिधी होतो. उन्हाचे नाव कागदावर यावे म्हणून मी काय केले? काही नाही. ते करता येते हेच मला ठाऊक नव्हते.

म्हणून आधी थोडे शरीराविषयी. शरीर स्वतःला थंड ठेवते ते घामाने, आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवा कोरडी असली की घाम वाळतो आणि अंग निवते. हवा दमट असली की घाम नुसता गळतो. त्यामुळे पारा किती चढला एवढे ऐकून फसू नका. चंद्रपूरला ४५ अंश असले आणि हवेत आर्द्रता १५ टक्के असली, तर थर्मामीटरच्या टोकाला ओले कापड गुंडाळून घेतलेले तापमान साधारण २४ अंश भरते. इथे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असली, तर तेच ओल्या कापडाचे तापमान २९ च्या आसपास जाते. वर्तमानपत्रात चंद्रपूरचा मथळा होतो आणि तंजावूरचा होत नाही. घामाला विचाराल तर तो उलटे सांगेल. ओल्या कापडाचे तापमान ३५ झाले की धडधाकट माणूसही सावलीत बसून फार तास टिकत नाही, असे शास्त्रज्ञ पूर्वी धरत. तरुण, निरोगी माणसांवर अमेरिकेत झालेले प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शरीराचा तोल त्याच्या बराच आधी, ३०-३१ च्या सुमारास ढळू लागतो असे दिसले. आणि ती माणसे हलकेच हालचाल करत होती, पोती उचलत नव्हती.

आता या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत कोणकोण काम करते ते बघा. तंजावूरचे चित्रकार आहेत. सोन्याचा वर्ख लावताना ते पंखा बंद करतात, नाहीतर वर्ख उडून जातो. तंजावूर थाळीचे कारागीर आहेत. पत्र्यावर नक्षी उठवायची तर जवळ विस्तव हवा. वीणा घडवणारे फणसाच्या लाकडाचा भुसा अंगावर घेत बसतात. रेशमाचे सौराष्ट्री विणकर आहेत, त्यांचे घर तोच कारखाना. कोळशाची इस्त्री फिरवणारे आहेत, फुलांचे गजरे करणाऱ्या बाया आहेत, हमाल, रिक्षावाले, झाडूवाल्या. यातल्या बहुतेकांना नगावर मजुरी. घड्याळाचा मालक नाही, असे आपण म्हणतो. पण नगावरची मजुरी हाच त्यांचा मुकादम असतो. दुपारी दोन तास आडवे पडा म्हणून डॉक्टर सांगतो, तेव्हा तो दोन तासांची मजुरी सोडा म्हणत असतो. ताडगोळेवाली हसली ती याच कारणाने.

शिवाय रात्र आहे. जुन्या तंजावुरी घराला देशी कौले, आत चौक, बाहेर तिण्णै, म्हणजे आपला ओटा. आता ती घरे पाडून वर स्लॅब येतात, ओटे दुकानात जातात. ज्याला वरच्या मजल्यावर भाड्याची खोली मिळते त्याच्या डोक्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती ऊब खोलीत सोडत राहतो. दिवसाचा शिणवटा रात्री भरून निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी माणूस अर्धाच कामावर येतो. लागोपाठ तीन-चार रात्री अशा गेल्या की म्हातारे आणि आजारी आधी जातात.

इथले लोक मे महिन्यातल्या तीनेक आठवड्यांना अग्नी नक्षत्रम म्हणतात. आणि नेमके तेव्हा या शहरात पाणी कमी असते. मेट्टूर धरण रिवाजाने १२ जूनला उघडते आणि जानेवारीच्या अखेरीस बंद होते. शहरातून जाणारा ग्रँड अनिकट कालवा, ज्याला लोक पुदु आरु म्हणजे नवी नदी म्हणतात, तो भर उन्हाळ्यात कोरडा असतो. पूर्वीच्या लोकांनी याची थोडी तजवीज केली होती. शिवगंगा तलावाचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांनी अय्यनकुळम तलावाकडे नेणारी योजना होती, तिला इथे जलसूत्रम म्हणतात. अलीकडे महापालिकेने ती पुन्हा जागी केली, हे चांगले झाले.

छत्रांची गोष्ट तर आपल्या मराठी मंडळींनी अभिमानाने सांगावी अशी आहे. रामेश्वराच्या वाटेवर तंजावूरच्या भोसल्यांनी छत्रे बांधली. १८०१ मध्ये सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून या छत्रांत काय चालते ते कळवले होते. ब्राह्मणापासून तथाकथित अस्पृश्यापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न, आजाऱ्याला औषध आणि माणूस, बाळंतिणीची काळजी. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे का असे विचारायचे, हीसुद्धा रीत होती. राजाची स्तुती करायला मी उभा नाही. छत्र म्हणजे दान, आणि दान देणाऱ्याची मर्जी फिरली की संपते. ओट्याचेही तेच. वाटसरूला ओट्यावर बसू देत, पण कोणत्या जातीच्या वाटसरूला, हे विचारायला हवे. या जिल्ह्यातच, म्हणजे तेव्हाच्या अखंड तंजावूर जिल्ह्यात, मजुरीवाढ मागितली म्हणून १९६८ साली कीळवेणमणीला ४४ दलित शेतमजुरांची माणसे झोपडीत जाळली गेली. तेव्हा जुने ते सगळे सावलीचे, असे म्हणून आपल्याला भागणार नाही. मात्र त्या घंटेतली एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. कोण राहिले आहे हे विचारण्याचे काम तिथे कोणाकडे तरी सोपवलेले होते.

आज आपल्या गल्लीत ते काम कोणाकडे आहे? एप्रिलमध्ये इथे नीर मोर पंदल उभे राहतात, ताक-पाण्याचे मांडव. उद्घाटनाला पुढारी येतो, फोटो निघतो. बरेचसे आठवड्याभरात रिकाम्या रांजणांवर येतात. पुढाऱ्याचे फलक तेवढे पावसाळ्यापर्यंत टिकतात.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली. नेहमीपेक्षा ७३९ माणसे जास्त मेली. तिथेही महापौरांनी आधी शंका काढली, की हे आकडे फुगवलेले आहेत, लोक मरायचेच होते. शवचिकित्सा अधिकाऱ्याने आपली मोजणी सोडली नाही म्हणून सत्य टिकले. पुढे एका समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या बरीच, तरी एकीत मृत्यू कितीतरी जास्त. फरक कशाचा? एका वस्तीत रस्त्यावर दुकाने होती, वर्दळ होती, म्हातारी माणसे बाहेर पडत होती, आणि एखादी दिसली नाही तर शेजारी दार ठोठावत होते. दुसरीतले कारखाने गेले होते, दुकाने बंद पडली होती, माणसे दाराला कडी लावून बसली होती. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे शिकागोतून शिकायला नको.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले, हे नंतर सगळ्या मृत्यूंची बेरीज-वजाबाकी केली तेव्हा कळले. एकेका दाखल्यावर ऊन लिहिलेले नव्हते. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे इतरांनी त्याचा कित्ता गिरवला. आपल्याकडे खारघरला एप्रिल २०२३ मध्ये उघड्या मैदानातल्या पुरस्कार सोहळ्यात १४ माणसे उष्माघाताने गेली. ती मोजली गेली, कारण मंचावर मोठी माणसे आणि समोर कॅमेरे होते. वीटभट्टीवर एकटा पडणारा कोणाच्या कॅमेऱ्यात येतो?

आता कामाचे सांगतो, नीट ऐका. तमिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केले. उष्माघाताने माणूस दगावला तर कुटुंबाला ४ लाख रुपये. ही चांगली गोष्ट आहे आणि महाराष्ट्रातल्या साथींनी तिचा दाखला देऊन भांडायला हरकत नाही. पण पैसे मिळायचे ते कारण सिद्ध झाले तर. माझ्या त्या सोलापूरच्या सोबत्याच्या कागदावर जे लिहिले गेले तेच इथे लिहिले गेले, तर ४ लाख कागदावरच राहतील. सिद्ध कशाने होणार? त्या दिवशी त्या जागी किती तापमान होते, तो किती तास काम करत होता, पाणी होते का, तो पडला तेव्हा अंग तापले होते का, तो असंबद्ध बोलत होता का, हे कोणी लिहून ठेवले असेल तर. हवामान खात्याचा थर्मामीटर मोकळ्या जागी, सावलीत, पांढऱ्या पेटीत असतो. तो खोटे बोलत नाही, पण तो पत्र्याच्या शेडमधला नाही. शेडमधला पारा शेडमधल्या माणसानेच लिहायला हवा.

आपल्या चळवळीला हे नवे नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले. रविवारची सुट्टी हवी ही मागणी सर्वांना आठवते. त्याच निवेदनात दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी हवी हेही होते. १८९१ च्या कायद्यात ती सुट्टी आली. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी देणे मालकावर बंधनकारक केले. म्हणजे २४९ कामगारांना गरम पाणी चालेल! १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायांनी लढून रोजगार हमी उभी केली, आणि पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि सावली लिहिली गेली. आता चार कामगार संहिता आल्या आहेत. त्यांच्या नियमांत उन्हाचे काय, किती तापमानाला काम थांबवायचे, याचा आकडा आपण मागायला हवा. "पुरेशी", "योग्य", "वाजवी" हे शब्द मालकाच्या वकिलाला फार आवडतात.

पाण्याची मागणी करताना संडास-मुतारीची मागणी सोबत जोडा, विशेषतः बायांसाठी. मिठागरात, बांधकामावर, रस्त्यावर काम करणाऱ्या बाया पाणी असूनही पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. तहान मारून काम केले की मूत्रपिंडे जातात. मध्य अमेरिकेत उसाच्या फडातले जवान तोडकामगार मूत्रपिंड निकामी होऊन हजारोंनी मेले, त्यामागे उन्हात पाणी-विश्रांतीवाचून केलेले कष्ट हे मोठे कारण आहे असे संशोधक सांगतात. तिथे पाणी, विश्रांती आणि सावली या तीन गोष्टी एकत्र मागितल्या जातात. आपण चौथी जोडू.

नवा माणूस आणि रजेवरून परतलेला माणूस यांना पहिला आठवडाभर अर्धेमुर्धे काम द्या, ही मागणी आपल्या कोणत्याच मागणीपत्रात मी पाहिलेली नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि उष्माघाताचे बळी फार वेळा पहिल्या काही दिवसांतले असतात. गावाहून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लावतात, आणि आपलेच जुने कामगार "घाबरतो काय" म्हणून त्याची चेष्टा करतात. हे आपण थांबवू शकतो, त्याला मालकाची सही लागत नाही.

नगावरच्या मजुरीवाल्यांचे काय? त्यांना बुडालेल्या तासांचे पैसे कोण देणार, हा अवघड प्रश्न आहे. अहमदाबादच्या सेवा संघटनेने आपल्या सभासद बायांसाठी एक प्रयोग केला आहे. ठरावीक तापमान ठरावीक दिवस ओलांडले की विम्यातून आणि निधीतून थोडे पैसे थेट खात्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो जणींना असे सुमारे चारशे रुपये मिळाले. चारशे रुपयांत काय होते, असे कोणी म्हणेल. मीही आधी तसेच म्हणालो. पण एक-दोन दिवस घरी बसण्याची मुभा आजवर त्यांना कोणी दिली होती? मात्र विम्यावर सगळे सोपवून मालक आणि सरकार मोकळे होतील, हा धोका मला दिसतो, आणि त्याबद्दल आपल्यात वाद व्हायला हवा. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यात एक तृतीयांश बायांच्या. विक्रीच्या जागा ठरवताना सावली कुठे पडते हे त्या समितीत मांडता येते. आपले किती लोक त्या समित्यांच्या बैठकांना जातात, ते ज्याचे त्याने आठवावे.

एक गोष्ट आपल्याविषयीही. १९२३ मध्ये सिंगारवेलर यांनी मद्रासला समुद्रकिनारी मे दिन साजरा केला, तो भारतातला पहिला. तेव्हापासून आपण मे महिन्यात लाल-पिवळे-निळे झेंडे घेऊन रस्त्यावर उतरतो. पण दुपारी दीडला मोर्चा काढून म्हाताऱ्या विडी कामगार बायांना तासभर डांबरावर बसवायचे आणि मंचावर मात कनात बांधायची, हे मी स्वतः केले आहे. यापुढे सकाळी सातला किंवा सूर्य कलल्यावर, असा ठराव मी आजच मांडणार आहे.

कोणी पडला तर काय करायचे तेही आत्ताच सांगून ठेवतो, कारण माझ्या सोबत्याचा तो अर्धा तास मला अजून दिसतो. माणूस तापला आहे आणि बरळतो आहे, म्हणजे वेळ नाही. १०८ ला फोन करा. पण गाडीची वाट बघत बसू नका. आधी सावलीत घ्या, कपडे सैल करा, आहे ते पाणी अंगावर ओता, सतत वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गार करणे आधी, नेणे नंतर.

आता उद्याचे. या टेबलावर चार थर्मामीटर आहेत आणि चार वह्या. उद्या सकाळी सातला, बाराला, तीनला आणि रात्री दहाला नोंद घ्यायची. एक राजवाड्याच्या चौकाच्या सावलीत, एक ताडगोळेवाल्या बाईजवळ, तिने होकार दिला तर. एक थाळी कारागिराच्या खोलीत, एक स्लॅबखालच्या भाड्याच्या खोलीत. आकड्याशेजारी तिथे त्या वेळी कोण, किती तास काम करत होते आणि पाणी किती दूर होते ते लिहायचे. रात्री दहाची नोंद कोणी टाळायची नाही. तमिळ येणारा एक आणि मराठी लिहिणारा एक, अशा जोड्या हव्यात. नावे द्यायला आत्ता पुढे या, म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी वाटणी उरकेल.